प्रोसेसर वाचवणाऱ्या काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतं काका. आमच्या महाविद्यालयाशी तुमचा काडीचाही संबंध नाही. एका माजी विद्यार्थ्याने तुमचा नंबर दिला आणि ऐन प्रवेशाच्या धांदलीत मी तो फिरवला, एवढंच. आभार फोनवर मानले होतेच, पण तुम्ही जे शिकवलंत ते माझ्यासारख्या एकट्याने सर्व्हर सांभाळणाऱ्यांनाही कळावं, म्हणून हे चारचौघांत.

वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं सांगते. आमचा सर्व्हर जुना, इंटेलच्या झिऑन ५६०० मालिकेतला, दोन प्रोसेसरचा, वर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम. प्रवेश, निकाल, ग्रंथालय सगळं त्याच्याच गळ्यात. डीमेसेजमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या संदेशांच्या नोंदीत, ‘एमसीए’ने (हार्डवेअरच्या चुका टिपणारी प्रोसेसरमधली यंत्रणा) सुरू होणाऱ्या ओळी यायला लागल्या आणि त्यांत ठळकपणे ‘सीपीयू’. मशीन मात्र व्यवस्थित चालू. एएमसीवाल्यांनी (देखभालीचं वार्षिक कंत्राट असलेल्यांनी) सुट्टीच्या दिवशी रात्रभर मेमरी टेस्ट लावली, एकही चूक निघाली नाही. मेमरी चांगली, म्हणजे प्रोसेसरच गेला, असा हिशोब करून त्यांनी प्रोसेसर आणि मदरबोर्डचं कोटेशन दिलं. आकडा बघून प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. आकडा तोच होता.

तुमचा पहिलाच प्रश्न: “बँक कितवी? स्टेटस काय आहे? अक्षर न् अक्षर वाच.”

बँक म्हणजे प्रोसेसरमधला चुका नोंदवायचा कप्पा, स्टेटस म्हणजे त्यातला ६४ बिटांचा आकडा. बँक ८. स्टेटसची सुरुवात आठ-सी, मध्ये एक चार, शेवट शून्य-शून्य-नऊ-शून्य. तुम्ही म्हणालात, कागद घे. यातलं एकेक अक्षर म्हणजे चार बिटं, प्रत्येक शून्य किंवा एक. आठ म्हणजे एक-शून्य-शून्य-शून्य. डावीकडचं पहिलं बिट ६३वं, ते लागलंय, म्हणजे एक आहे, म्हणून नोंद ग्राह्य. ६२ शून्य, म्हणजे ही नोंद वाचायच्या आत दुसरी तिच्यावर येऊन पडलेली नाही. ६१ शून्य, म्हणजे चूक जागच्या जागी दुरुस्त झाली. आता सी: एक-एक-शून्य-शून्य. ५९ आणि ५८ लागलेत, म्हणजे जादा माहिती आणि मेमरीतला पत्ता दोन्ही हाताशी आहेत. ५७ शून्य. “हे ५७ कधी लागलेलं दिसलं तर प्रोसेसरच्या कुठल्याच उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. तुझं लागलेलं नाही, चहा घे.” मधला चार म्हणजे दुरुस्त चुकांची मोजणी, एक. आणि शेवटचं ००९०: मेमरीतून वाचताना आलेली चूक, चॅनल (मेमरीकडे जाणारी वाट) शून्य.

मी विचारलं, मग ओरडतोय प्रोसेसर का? त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते कोटेशनवाल्यांनीही ऐकायला हवं होतं. पूर्वी इंटेलच्या सर्व्हरमध्ये मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असायचा. २००९ साली झिऑन ५५०० आला आणि कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात गेला. (एएमडीने ऑप्टेरॉनमध्ये हे २००३ सालीच केलं होतं, हे सांगताना तुमचा आवाज जरा खुलला होता.) त्यामुळे रॅम बिघडली तरी तक्रार प्रोसेसरच्याच नावाने येते. दवंडी पिटणाऱ्यालाच चोर समजून धरल्यासारखं झालं होतं आमचं.

आणि ती रात्रभराची टेस्ट? रॅम ईसीसी, म्हणजे चुका स्वतः दुरुस्त करणारी. ६४ बिटांमागे तपासणीची ८ बिटं. एक बिट उलटलं तर वाटेतच सुलटं होतं, दोन उलटली तर निदान कळतं. टेस्टच्या हाती पडतो तो सुधारलेला डेटा, तिला चूक दिसणार कशी? टेस्ट खोटं बोलत नव्हती, पण तिच्यावरून काढलेल्या निष्कर्षाला काही अर्थ नव्हता.

पुढची कामं तुम्ही ज्या क्रमाने करायला लावलीत, तो क्रम मी भिंतीवर चिकटवलाय. आधी बॅकअप. मग आयपीएमआयटूल या प्रोग्रॅमने मशीनचा स्वतःचा लॉग: तापमान किंवा व्होल्टेजची नोंद असेल तर आधी फॅन आणि पॉवर सप्लाय बघायचा. तसं काही नव्हतं. एमसीएच्या ओळीत एपीआयसी आयडी (प्रोसेसरच्या गाभ्याचा ओळख-क्रमांक) ३२, म्हणजे आमच्या मशीनवर दुसरा सॉकेट, दुसऱ्या प्रोसेसरची जागा. डीएमआयडीकोड या हार्डवेअरची यादी देणाऱ्या प्रोग्रॅममधून रॅमच्या स्लॉटची नावं काढली, मदरबोर्डवरच्या छापील खुणांशी ताडली. त्या सॉकेटच्या चॅनल शून्यमधली रॅम एकमध्ये, एकमधली शून्यमध्ये, बाकी कशाला हात नाही. “चूक रॅमबरोबर सरकली तर रॅम वाईट. जागेवरच राहिली तर स्लॉट, सॉकेटच्या पिना, नाहीतर खरोखर प्रोसेसर.”

संध्याकाळी बॅकअप सुरू झाला, मेमरीवर ताण आला आणि ओळ आली. शेवटी ००९१. एवढ्याशा एका अंकाने इतका आनंद कधी दिला नव्हता! मी मोठ्याने हसले, शिपाईमामा आत डोकावून गेले.

एक रॅम बदलली. लॉग तेव्हापासून स्वच्छ आहे, कोटेशन फायलीला लागलं आहे. सोलारिस या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर असतीस तर ‘एफएमएडीएम फॉल्टी’ या एका आज्ञेने बिघडलेला भाग विचारून काम भागलं असतं, हे तुम्ही दोनदा ऐकवलंत. मान्य. पण मग मला ६१वं बिट कोण शिकवणार होतं?

काम झाल्यावर मी मानधनाचं विचारलं तर तुम्ही फोनच ठेवून दिलात. प्राचार्यांनी आभाराचं पत्र लेटरहेडवर वेगळं पाठवलं आहे, ते मात्र ठेवून घ्या.

आणि एक. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या मशीनवर काल बँक ५ची ओळ आली. ६१ शून्य आहे, ५७ शून्य आहे, पण या वेळी ६२ लागलंय. रविवारी सकाळी फोन केला तर चालेल ना?

आपली नम्र,
सर्व्हर रूममधली मुलगी