थंडीआधी गिझर उघडा, सोलर धुवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापूरची थंडी दिवाळीपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंतची. वर्षातले बाकीचे महिने गिझर तसाच लटकलेला असतो आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे एकदम त्याचे बटण दाबले जाते. मग कुठे आतून कडकड आवाज येतो, कुठे पाणी कोमटावर थांबते, कुठे घरभर अंधार होतो. मुळाशी बहुतेक वेळा आपले पाणीच असते.

नळाला रोज पाणी येत नाही. मधले दिवस बोअरवर निघतात आणि ते पाणी जड. पाणी तापवायच्या पातेल्याला जो पांढरा थर धरतो, तोच गिझरच्या एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या नळीवर बसतो. थर जाड झाला की एलिमेंटची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही. नळी वाजवीपेक्षा जास्त तापते, तिला बारीक चीर जाते आणि आतल्या, करंट अडवणाऱ्या पांढऱ्या पावडरीत ओल शिरते. तिथून करंट पाण्यात उतरू लागतो. अशा वेळी आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच, पडतो, कारण त्याचे ते कामच आहे. त्याला बगल देऊन गिझरची वायर थेट जोडून घेणारी घरे आहेत. कृपा करून हे कोणी करू नये. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि चालू अर्थिंग, यांतले एक जरी नसेल तरी गिझर लावू नये. २००० वॅटचा गिझर ९ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. त्याला १६ अँपिअरचे सॉकेट आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. पंख्याच्या बोर्डावरून लाइन ओढली की पिन काळी पडते, प्लास्टिक वितळते.

नवरात्र ते दिवाळी या दिवसांत गिझर एकदा उघडून घ्यावा. आधी मेन स्विच बंद करून पाणी गार होऊ द्यावे. इनलेटचा, म्हणजे गार पाणी आत येते तिथला, कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडा ठेवावा आणि इनलेटचा नट सोडवावा. वरून हवा शिरते आणि टाकी खालून रिकामी होते. थर्मोस्टॅटची, म्हणजे ठरलेल्या तापमानाला गिझर बंद करणाऱ्या भागाची, बारीक तांब्याची नळी असेल तर ती न वाकवता सरळ ओढावी. मग फ्लँजचे, म्हणजे एलिमेंट बसवलेल्या झाकणाचे, बोल्ट काढले की एलिमेंट आणि मॅग्नेशियमचा रॉड एकदम हातात येतात. एक लिटर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, विरघळवून त्यात एलिमेंट दोन-तीन तास बुडवावा. वायरी जोडायची टोके मात्र पाण्याबाहेर राहिली पाहिजेत. संडास धुवायचे ॲसिड वापरू नये. थर निघतो खरा, पण धातूही खाल्ला जातो. टाकीच्या तळाचा चुना लाकडी पट्टीने काढावा. लोखंडी खरवडण्याने आतले काचेचे अस्तर उडते आणि तिथूनच गंज धरतो.

मॅग्नेशियमचा रॉड नीट पाहावा. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो. नवा असताना जाडजूड असतो, झिजला की खडबडीत काडी उरते आणि मधली लोखंडी तार दिसू लागते. अर्धा गेला असेल तर बदलावाच. उघडल्यावर झाकणाखालचे गॅस्केट नवीनच घालावे, जुने पुन्हा धड बसत नाही. जोडून झाल्यावर गरम नळातून हवा न फुरफुरता अखंड धार आली की मगच बटण. आणि थर्मोस्टॅटचा काटा ५५ ते ६० अंशांवर. त्यापुढे पाण्यातला चुना झपाट्याने सुटून थर धरतो. २२ अंशांचे १५ लिटर पाणी ६० वर जायला २००० वॅटला साधारण २० मिनिटे लागतात, रात्रभर गिझर चालू ठेवायचे कारण नाही.

इनलेटवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल फार गैरसमज आहे. तो ठिबकतो म्हणून त्याचे तोंड एम-सीलने बुजवलेले असते. १५ लिटर पाणी तापताना सुमारे पाव लिटरने फुगते. व्हॉल्व्हमधल्या नॉन-रिटर्नमुळे, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेमुळे, ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून या तोंडातून गळते. ते बुजवले तर सगळा दाब टाकीवर येतो. तापताना थेंब पडले तर ठीक, गार असतानाही गळत राहिले तर व्हॉल्व्ह बदला. याच व्हॉल्व्हमधला नॉन-रिटर्न बिघडला, तर गच्चीवरची टाकी संपल्यावर गिझरमधले पाणी उलटे निघून जाते आणि कोरडा एलिमेंट जळतो. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या भागात हे हमखास घडते.

पाणी तापवणाऱ्या सोलरच्या काचनळ्या बाहेरून पावसाळ्यानंतरच्या धुळीने आणि आतून गाळाने मंदावतात. नळी काढून सायट्रिकने धुवावी, बसवताना सिलिकॉन रिंगला साबणाचे पाणी लावून फिरवत आत सरकवावी. तळाची चंदेरी टोपी पांढरी झाली असेल तर त्या नळीतली निर्वात पोकळी गेली, ती बदलावी. कोरड्या नळ्यांत भर दुपारी पाणी सोडू नये, गार पाण्याने त्या तडकतात. भल्या सकाळी किंवा सूर्य मावळल्यावर भरावे. टाकीवरचा व्हेंट पाइप, म्हणजे हवा-वाफ जाण्याची नळी, मोकळा आहे ना, त्यात गांधीलमाश्यांचे घर नाही ना, हेही बघावे. सावलीचे तर लक्षातच येत नाही. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य डोक्यावरून जातो, पण डिसेंबरात भर दुपारीही तो दक्षिणेला क्षितिजापासून ४९ अंशांवरच असतो. दक्षिणेची दहा फुटी भिंत तेव्हा नऊ फुटांच्या आसपास सावली टाकते. उन्हाळ्यात उत्तम चालणारा सोलर हिवाळ्यात गार पडतो त्याचे हेही एक कारण.

गॅस गिझर बाथरूममध्ये नसावाच. थंडी वाजते म्हणून खिडकी लावली जाते, ज्वाळेला प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. गिझर बाहेर मोकळ्या हवेत बसवून आत फक्त गरम पाण्याची लाइन घ्यावी. ज्वाळा निळीऐवजी पिवळी दिसली तर बर्नर साफ होईपर्यंत वापर बंद. आंघोळीत डोके जड झाले किंवा गरगरले तर आधी दार उघडून बाहेर यावे, नळ नंतर.

आपला,
गिझर व सोलर दुरुस्ती करणारा एक कारागीर, सोलापूर