सागरी टेहळणीचा इतिहास २०१३ च्या फार मागचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्यातील सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांच्या कारखान्याविषयी आपण छापलेला लेख वाचला. याच विमानाची सागरी टेहळणीसाठीची आवृत्ती नौदल व तटरक्षक दलाला मिळणार असल्याचा त्यातील उल्लेख वाचून बडोदेकर म्हणून आनंद झाला. मात्र २०१३ मध्ये अमेरिकेहून नौदलाची पी-८आय ही टेहळणी विमाने येईपर्यंत आपल्या समुद्रावर आकाशातून कोणाचे लक्षच नव्हते, असा जो समज त्या लेखामुळे होतो, तो दूर व्हावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हे काम प्रथम हवाई दलाकडे होते. १९५१ मध्ये पुण्यातील सहाव्या स्क्वाड्रनला (म्हणजे विमानांच्या तुकडीला) त्यासाठी लिबरेटर ही महायुद्धकाळातील अमेरिकी बॉम्बफेकी विमाने मिळाली. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी ही विमाने पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत अशा बेताने मोडून कानपूरला टाकली होती. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीने ती पुन्हा उडती केली आणि ती थेट १९६८ पर्यंत सेवेत राहिली. त्यांतलेच एक विमान भारताने १९७४ मध्ये ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला भेट दिले. आपल्या तंत्रज्ञांच्या हातांची याहून मोठी पावती मला तरी ठाऊक नाही. पुढे एअर इंडियाकडे जेट विमाने आल्यावर तिची सुपर कॉन्स्टेलेशन ही पंख्यांची जुनी प्रवासी विमानेही हवाई दलाकडे येऊन याच स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली.

१९७१ च्या युद्धात, ९ डिसेंबरच्या रात्री, आपल्याच गुजरातच्या किनाऱ्यालगत दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. पाण्याखाली दडलेली पाणबुडी हुडकायची तर विमानाला तासन्‌तास समुद्रावर घिरट्या घालाव्या लागतात, पाण्यात ध्वनी टिपणारी उपकरणे टाकून त्यांनी टिपलेले आवाज ऐकावे लागतात, आणि हे सारे खाली असलेल्या नौकांशी सतत संपर्क ठेवून करावे लागते. म्हणूनच विमान उडवणारे आणि नौका चालवणारे एकाच दलाचे असणे मला आवश्यक वाटते. टेहळणीचे काम हवाई दलाकडून नौदलाकडे येण्याचा हा बदल १९७६ मध्ये झाला. त्या वर्षी १८ नोव्हेंबरला सुपर कॉन्स्टेलेशन विमानांसह नौदलाची ३१२ वी स्क्वाड्रन गोव्यात स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी इल्युशिन-३८ या सोव्हिएत टेहळणी विमानांची ३१५ वी.

१९८८ मध्ये ३१२ व्या स्क्वाड्रनला आठ तुपोलेव्ह-१४२ ही सोव्हिएत टेहळणी विमाने मिळाली. नंतर तिचा तळ तमिळनाडूतील अरक्कोणमला हलला. ती विमाने २९ मार्च २०१७ रोजी निवृत्त झाली, पण पी-८आय विमाने त्याआधीच याच स्क्वाड्रनमध्ये आली होती. म्हणजे लेखात जिला आरंभ म्हटले आहे, ती या एका स्क्वाड्रनच्याच विमानांची तिसरी पिढी आहे.

बडोद्याच्या कारखान्यावर आपण पुन्हा लिहाल तेव्हा लिबरेटरपासूनचा हा क्रम वाचकांपुढे यावा, अशी विनंती आहे. या स्क्वाड्रनांत सेवा केलेले जे वैमानिक व तंत्रज्ञ आज निवृत्त आहेत, त्यांच्या आठवणीही आपण आवर्जून मागवून छापाव्यात. लिबरेटरवर काम केलेली पिढी आता फार थोडी उरली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार, बडोदे