वारंवार उभे राहणाऱ्या अपक्षाची टिंगल नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निवडणूक जाहीर झाली की आपल्या दैनिकासह बहुतेक वृत्तपत्रांत एक चौकट हमखास छापून येते. कुणीतरी गृहस्थ पंधराव्या वा विसाव्यांदा अर्ज भरतात, आजवर प्रत्येक वेळी त्यांची अनामत जप्त झालेली असते, आणि बातमीचा सूर ‘हौसेला मोल नाही’ असा असतो. नुकतीच अशी आणखी एक चौकट वाचनात आली आणि त्याच आठवड्यात अनामत रक्कम वाढवून अशा उमेदवारांना आळा घालावा, अशी मागणी करणारे एका वाचकाचे पत्रही आपण छापलेत. माध्यमिक शिक्षक म्हणून सेवेत असताना निवडणुकीची कामे मी अनेकदा केली आहेत. या दोन्ही गोष्टींशी मी सहमत नाही, म्हणून हे पत्र.

तमिळनाडूतील मेट्टूरचे के. पद्मराजन टायर दुरुस्तीचे दुकान चालवतात. १९८८ मध्ये त्यांनी पहिल्यांदा अर्ज भरला तेव्हा लोक हसले होते. सामान्य माणूसही निवडणुकीला उभा राहू शकतो हे आपल्याला दाखवून द्यायचे होते, असे ते सांगत आले आहेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपर्यंत त्यांच्या लढतींची संख्या दोनशे अडतीसवर गेली होती. त्यांची सर्वांत चांगली कामगिरी २०११ मधली, मेट्टूर विधानसभा मतदारसंघात ६,२७३ मते. एका प्रभागाच्या निवडणुकीत त्यांना एकही मत मिळाले नव्हते, हेही ते लपवत नाहीत. आपले जुने अर्ज आणि ओळखपत्रे त्यांनी लॅमिनेट करून जपून ठेवली आहेत. वर्तमानपत्रांना यात विक्रम दिसतो. मला त्यात एका दुकानदाराने पदरमोड करून छत्तीस वर्षे बजावलेला हक्क दिसतो.

त्यांच्याही आधी बरेलीचे कापड व्यापारी काका जोगिंदर सिंग यांनी तीनशेहून अधिक निवडणुका लढवल्या. लोक त्यांना ‘धरतीपकड’ म्हणत. १९९२ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत शंकर दयाळ शर्मा, जी. जी. स्वेल आणि राम जेठमलानी यांच्यासह जे चार उमेदवार होते, त्यांत ते चौथे होते आणि त्यांना १,१३५ इतक्या मूल्याची मते मिळाली (या निवडणुकीत प्रत्येक खासदार-आमदाराच्या मताला ठरावीक मूल्य असते). त्या काळी या निवडणुकीच्या अर्जावर दहा सूचक आणि दहा अनुमोदक लागत, आणि ते सर्व खासदार वा आमदारच असावे लागत. म्हणजे या कापड व्यापाऱ्याने वीस लोकप्रतिनिधींना आपल्या अर्जावर सही करण्यास राजी केले होते. पुढे १९९७ मध्ये सूचक आणि अनुमोदकांची संख्या प्रत्येकी पन्नास आणि अनामत पंधरा हजार रुपये करण्यात आली. जप्त झालेल्या अनामतीला जोगिंदर सिंग देशाच्या तिजोरीतील आपला वाटा मानत. एवढ्या निष्ठेने भरलेल्या पैशाला हौस म्हणणे मला पटत नाही.

अनामतीचा मुद्दा मात्र नीट तपासला पाहिजे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने लोकसभेसाठी पाचशे आणि विधानसभेसाठी अडीचशे रुपये अनामत ठरवली, आणि एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते. त्या काळी पाचशे रुपये ही मोठी रक्कम होती, १९९६ पर्यंत ती नगण्य झाली. त्या वर्षी लोकसभेला देशभरात १३,९५२ उमेदवार उभे राहिले. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील नलगोंडा मतदारसंघात ४८० उमेदवार होते, तर सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी मराठी भाषकांनी अर्ज भरल्यामुळे बेळगावात ही संख्या ४५६ झाली. बेळगावचे ते अर्ज हा थट्टेचा विषय आहे, असे आपल्याकडे कुणी म्हणणार नाही. तरीही एवढी लांबलचक मतपत्रिका हाताळणे मतदाराला आणि कर्मचाऱ्यांनाही जड जाते, हे मी मान्य करतो. त्याच वर्षी अनामत लोकसभेसाठी दहा हजार व विधानसभेसाठी पाच हजार झाली आणि १९९८ मध्ये उमेदवारांची संख्या ४,७५० वर आली. पुढे २०१० पासून अनामत अनुक्रमे पंचवीस हजार व दहा हजार झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती निम्मी असते. एवढे होऊनही २०२४ मध्ये लोकसभेचे उमेदवार पुन्हा ८,३६० झाले. त्यांत चार हजारांच्या आसपास अपक्ष होते आणि निवडून आले फक्त सात. आपल्या शेजारच्या सांगलीतून विशाल पाटील अपक्ष म्हणून विजयी झाले खरे, पण त्यांच्यामागे घराण्याची पुण्याई आणि नाराज कार्यकर्त्यांची फळी होती.

वाढीव रकमेने नेमके कोण अडते, हा माझा प्रश्न आहे. ज्याच्या अनामतीची रक्कम दुसरा कुणी भरतो, तो पंचवीस हजारांनी अडत नाही आणि पन्नास हजारांनीही अडणार नाही. २०१४ मध्ये रायगड लोकसभा मतदारसंघात अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला, आणि सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्ष उमेदवाराला ९,८४९ मते पडली. त्याच निवडणुकीत छत्तीसगडमधील महासमुंद येथे भाजपचे उमेदवार चंदूलाल साहू यांच्या नावाशी मिळत्याजुळत्या नावांचे दहा अपक्ष रिंगणात होते आणि साहू अवघ्या १,२१७ मतांनी निवडून आले. या दोन ठिकाणी कुणी कुणाला उभे केले, हे मी सांगू शकत नाही आणि तसा आरोपही करत नाही. नामसाधर्म्यामुळे मतदार फसतो, एवढे मात्र आकड्यांवरून उघड आहे. आई-वडिलांनी ठेवलेल्या नावामुळे कुणाचा उभे राहण्याचा हक्क काढून घेता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये घेतली आणि ती योग्यच आहे. तेव्हा मतदानयंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र मोठे व स्पष्ट असावे आणि सारख्या नावांपुढे गाव किंवा व्यवसाय ठळकपणे यावा. अनामत वाढवण्याच्या मागणीपेक्षा ही मागणी कितीतरी उपयोगाची आहे.

एक अनुभव सांगतो. एका विधानसभा निवडणुकीत मी मतमोजणीच्या टेबलावर पर्यवेक्षक होतो. आमच्या तालुक्यातील एक गृहस्थ, ज्यांची ती बहुधा सहावी निवडणूक होती, जाळीपलीकडे स्वतःच स्वतःचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. इतर उमेदवारांची माणसे आलटूनपालटून चहाला जात होती, पण हे मात्र शाळेच्या दोनरेघी वहीत केंद्रनिहाय आकडे उतरवून घेत होते. एका वाडीच्या केंद्रावर त्यांना अकरा मते निघाली, तेव्हा त्यांनी वहीची मागची पाने उलटून पाहिली आणि शेजाऱ्याला हळूच म्हणाले, “मागल्या खेपेला नऊ होती.” शेवटची फेरी संपून विजयाचा गुलाल उधळला जाईपर्यंत ते जागेवरून उठले नाहीत. अर्ज भरण्याच्या दिवशीही मी तहसील कचेरीत होतो. अपक्षाला दहा सूचक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो. या गृहस्थांनी दहाही सूचकांचे यादीभाग आणि अनुक्रमांक पेन्सिलीने दोनदा पडताळून आणले होते, आणि छाननीत त्यांच्या अर्जात एकही चूक निघाली नाही. माघारीच्या दिवशी गावोगावी कशी मनधरणी चालते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवशी ते कचेरीकडे फिरकले नाहीत. हरल्यावरही निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, तोही त्यांनी मुदतीत दिला.

त्यांच्या पत्रकात पहिलीच मागणी पाणंद रस्त्यांची होती. पावसाळ्यात ऊस बाहेर काढायला बैलगाडीसुद्धा जात नाही, असे लिहून त्याखाली त्यांनी अकरा रस्त्यांची नावे, त्यांची लांबी आणि कोणत्या शेतांपाशी चिखल होतो, हे दिले होते. त्या निवडणुकीतील मोठ्या पक्षांची पत्रके मी शाळेत जमवली होती. त्यांपैकी एकातही या रस्त्यांचा उल्लेख नव्हता. या गृहस्थांवर वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यांत त्यांची टोपी होती, सायकल होती आणि जप्त झालेल्या अनामतींची बेरीज होती. पाणंद रस्त्यांबद्दल एक शब्दही नव्हता.

म्हणून आपल्याला विनंती आहे की पुढील निवडणुकीत अशी चौकट छापताना उमेदवार किती वेळा हरला यासोबत तो काय मागतो आहे, हेही छापावे. जागा कमी असेल तर टोपी आणि सायकल गाळावी. तुमच्या तालुका प्रतिनिधीने त्याचे पत्रक मागून घेतले, तर तो ते आनंदाने देईल, कारण ते त्याने स्वतःच्या पैशाने छापलेले असते आणि बहुतेक वेळा त्यातले अर्धे गठ्ठे घरीच पडून असतात.

आपला विश्वासू,
एक वाचक (निवृत्त माध्यमिक शिक्षक),
मिरज