कुलरला 60 मिमी जागा लिहून 44 मिमीची पीसी केस पाठवली, आता परत घ्या

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : मिनी आयटीएक्स केसची (छोट्या पीसीच्या डब्याची) खोटी मापं आणि रिटर्नला नकार

नमस्कार,

चॅटवर तुमच्या माणसांशी बोलून बोलून तोंड दुखलं म्हणून आता सविस्तर लिहितोय, कृपया पूर्ण वाचा आणि "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हे कॉपी पेस्ट करून परत पाठवू नका.

मी कोल्हापुरात काकांकडे राहून इंजिनिअरिंग करतोय आणि शनिवारी एसटीनं गडहिंग्लजला घरी जातो. त्यामुळं मला असा गेमिंग पीसी पाहिजे होता जो सॅकमध्ये घालून नेता येईल. गेमिंग लॅपटॉप बजेटच्या बाहेर, आणि त्यातलं ग्राफिक्स पुढं बदलता पण येत नाही. म्हणून सुट्टीत काकांच्या वर्कशॉपवर काम करून साठवलेल्या पैशातनं एकेक पार्ट घेतला. प्रोसेसर रायझन 5 5600जी घेतला कारण त्यात वेगा ग्राफिक्स आतच असतंय, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, व्हॅलोरंट गेम आरामात चालतंय. रॅम 8 जीबीच्या दोन स्टिक घेतल्या कारण असल्या प्रोसेसरला ड्युअल चॅनेल (दोन स्टिक एकत्र चालणं) नसलं की गेमचे एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, बदाबदा पडतात. आणि 5600जी घ्यायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बॉक्समध्ये प्रोसेसर गार ठेवणारा पंख्याचा कुलर फुकट येतो, त्याची उंची 54 मिमी.

आता तुमच्या पेजवर काय लिहिलंवतं? "कुलर क्लिअरन्स 60 मिमी", म्हणजे कुलरसाठी एवढी जागा. 54 चा कुलर 60 मध्ये बसायला पाहिजे का नको? हे बघूनच केस घेतली, आणि केस बघून बाकीचं घेतलं, म्हणजे 17 बाय 17 सेमीचा आयटीएक्स मदरबोर्ड जो मोठ्या बोर्डापेक्षा महाग पडतो, आणि छोट्या साईझचा एसएफएक्स पॉवर सप्लाय, तो पण महागच.

सगळं जोडलं, चालू केलं, स्क्रीनवर बायोस (सुरुवातीचं सेटिंग) आलं, आणि साईड पॅनल लावायला गेलो तर पॅनल बसंना. कुलरचा पंखा चक्क सेंटीमीटरभर बाहेर. मला वाटलं कुलर तिरका बसला असंल, काढून, मधली थर्मल पेस्ट पुसून परत लावला तरी तेच. मग केस घेऊन उद्यमनगरात काकांच्या वर्कशॉपवर गेलो. त्यांनी कुलर काढून व्हर्नियरची (बारीक माप घ्यायच्या पट्टीची) खोली मोजायची मागची पट्टी प्रोसेसरवर टेकवून पॅनलच्या कडेपर्यंत माप घेतलं तर 44 मिमी भरलं. काका म्हणाले, "ही मापं ड्रॉइंगवरनं टाकल्यात का अंदाजपंचे?" त्यांच्याकडं अर्धा मिमी चुकला तर अख्खा लॉट रिजेक्ट होऊन परत येतोय, हितं 16 मिमी गायब आहेत.

यावर तुमचा एक्झिक्युटिव्ह सांगतोय की 60 मिमी हे ट्रेपासून (बोर्ड ज्यावर बसतो त्या केसच्या पत्र्यापासून) मोजलंय. अहो, ट्रेवर कुलर कोण बसवतं? ट्रेवर साडेसहा मिमीचा स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा खिळा), त्यावर दीड मिमीच्या आसपास बोर्ड, त्यावर सॉकेटसकट प्रोसेसर सात-आठ मिमी, आणि मग कुलर. बेरीज करा, तुमचे 16 मिमी सापडतील. कुलर क्लिअरन्स म्हणजे प्रोसेसरच्या वरची जागा, हे केस विकणाऱ्या कंपनीला मी सांगायचं?

दुसरं उत्तर तर त्याहून भारी, "ओपन बॉक्स प्रॉडक्ट रिटर्न होत नाही". बॉक्स न उघडता कुलर बसतोय का नाही कसं बघायचं, हलवून? आणि तक्रार टाकल्यावर तुमच्या पेजवर 60 मिमीच्या पुढं कंसात "ट्रेपासून" हा शब्द गुपचूप आलाय. आधीचा स्क्रीनशॉट माझ्याकडं आहे, सोबत जोडलाय, बिल आणि व्हर्नियर लावलेला फोटो पण आहे.

लो प्रोफाईल (कमी उंचीचा) कुलर घे म्हणून सल्ला देऊ नका. 37 मिमीवाले मिळतात, मला माहिती आहे, पण चुकीचं माप तुम्ही टाकायचं आणि खर्च मी करायचा हे जमणार नाही. सध्या पीसी टेबलावर पॅनल काढून चालवतोय आणि तसा उघडा पंखा घेऊन एसटीच्या गर्दीत चढता येत नाही, म्हणजे ज्यासाठी केला तेच होईना. (हँडलचा एक स्क्रू पण गोल फिरतोय, ते जाऊ दे.)

ई-कॉमर्सचे 2020 चे नियम मी वाचलेत. जाहिरातीत सांगितल्यासारखी वस्तू नसंल तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासात पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असतो. मला पोच पण आलेली नाही. पुढं 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर फोन करणार, आणि तिथं पण नाही झालं तर हितं कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, 5 लाखापर्यंतच्या खरेदीला तिथं फी पण लागत नाही.

मला दोन्हीपैकी एक पाहिजे : तुमच्या खर्चानं पिकअप करून सगळे पैसे परत, नाहीतर या 44 मिमीत बसणारा चांगला कुलर फुकट. आणि पेजवर खरं माप टाका, दुसरा कोण पोरगा फसायला नको.

पिकअपला माणूस पाठवताना आधी मला फोन करा. दुपारपर्यंत मी कॉलेजला असतो, काकांच्या घरी आज्जी एकटीच असते आणि ती ओटीपी कुणालाच सांगत नाही.

तुमचा ग्राहक,
कोल्हापूर