वाफ आली, तरी नदी कामावरच होती

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातील कोल्डहार्बर मिलवरचा लेख वाचला. लोकरीच्या गिरणीवर मराठीत कोणी लिहिते, याचेच अप्रूप. मात्र 'वाफेचे इंजिन आले आणि नदी नुसती शोभेला उरली' हे त्यातले विधान चुकीचे आहे. ते तसेच राहिले तर ही गिरणी कल्म नदीच्या काठी का आहे, हेच वाचकाला कळणार नाही.

लोकरीचे कापड बनवणाऱ्या थॉमस फॉक्स याने 1797 साली अफकल्म गावाजवळची ही जागा 1,100 गिनींना (गिनी म्हणजे तेव्हाचे इंग्लंडातले सोन्याचे नाणे) घेतली. सोबत सुमारे 15 एकर कुरण आले. खरेदीबद्दल तो पत्रात लिहितो की इमारती बेताच्या आहेत, पण प्रवाह चांगला आहे. थोडक्यात, त्याने पैसे मोजले ते पाण्याचे. या भागातले सर्ज नावाचे लोकरी कापड तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी चीनला नेत असे.

गिरणीचे पाणचाक 18 फूट व्यासाचे. नदीतून पाट काढून पाणी साधारण आसाच्या उंचीवर चाकाच्या खणांत सोडतात आणि पाण्याच्या वजनाने चाक फिरते. नमुन्याचा हिशेब असा: सेकंदाला 1 घनमीटर पाणी 3 मीटर खाली आले तर सुमारे 29 किलोवॅट शक्ती मिळू शकते. चाकाने त्यातले 60 टक्के पकडले तरी हाती साधारण 24 अश्वशक्ती येते. अडचण दोन्ही ऋतूंत. उन्हाळ्यात पाट आटतो. पुरात नदीची पातळी चढते, चाकाखालचे पाणी निघून जायला वाट मिळत नाही आणि चाक त्या पाण्यात बुडून रखडते. म्हणजे भरपूर पाणी असतानाच गिरणी बंद! म्हणून 1865 मध्ये वाफ आली आणि 1910 मध्ये पॉलिट अँड विग्झेलचे 300 अश्वशक्तीचे इंजिन बसले. तरीही चाक 1978 पर्यंत फिरत होते. कोळशाला पैसे पडतात, पाटाच्या पाण्याला नाही. गिरणीवाले उगाच काही मोडीत काढत नसत.

शिवाय इंजिनालाही नदी लागतेच. वापरलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड करावी लागते. 1 किलो वाफेला 25 ते 30 किलो थंड पाणी. अशा इंजिनाला तासाला अश्वशक्तीमागे 6 किलो वाफ धरली, तर 300 अश्वशक्तीला 1,800 किलो वाफ होते. म्हणजे दर तासाला 50 टनांच्या आसपास पाणी. एवढे पाणी विहिरीतून कोण उपसणार?

आता खुद्द लोकर. मेंढीच्या अंगावरून उतरलेल्या लोकरीत चरबी, घामाचे क्षार आणि माती मिळून वजनाचा तिसरा हिस्सा, कधी निम्माही भरतो. ती साबण-सोड्याच्या 50 ते 55 अंश सेल्सियस पाण्यात धुतात. जास्त तापवली किंवा सोडा जास्त पडला की पिवळी पडते. ढवळली की तंतू एकमेकांत अडकून गोळा होतो, मग तो पिंजूनही सुटत नाही. पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेले, असेल तर साबणाचा चिकट साका तंतूवर बसतो आणि पुढे रंग डागाडागाने चढतो. पाण्यात लोह असले की रंगाचा तजेलाच जातो. म्हणून गिरणीची जागा निवडताना पाणी किती याइतकेच ते कसे आहे, हेही पाहत.

लेखात 'लोकरीचे सूत' असा एकच शब्द आहे, तिथे थोडा खुलासा हवा. हे सूत दोन प्रकारचे, वुलन आणि वर्स्टेड. वुलनमध्ये तंतू नुसते पिंजतात, ते आडवेतिडवेच राहतात. सूत फुगीर, केसाळ, उबदार. वर्स्टेडमध्ये पिंजल्यावर विंचरून आखूड तंतू काढून टाकतात आणि लांब तंतू समांतर ओढत, पेळू (तंतूंची सैल वात) बारीक करत नेतात. सूत गुळगुळीत, पिळदार. कोल्डहार्बरची पुढची ओळख वर्स्टेडची. या कामात हवा कोरडी पडली की लोकरीत स्थिर वीज साठते, पेळू फुलतो, सुटे तंतू रुळाला गुंडाळतात आणि धागा तुटत राहतो. नदीखोऱ्यातल्या दमट हवेचा फायदा इथेही आहेच.

लेखात एक गोष्ट राहून गेली, आणि ती आपल्या घरची आहे. फॉक्स कंपनी सैनिकांच्या पायाला गुंडाळायच्या लोकरी पट्ट्यांसाठी प्रसिद्ध होती. इंग्रजीत त्यांना 'पटी' म्हणतात. तो शब्द हिंदुस्तानातल्या 'पट्टी'वरूनच गेला. सरळ विणलेली पट्टी पोटरीवर सैल पडते, म्हणून ती पायाच्या आकाराला बसेल अशी वक्र विणत.

गिरणी 1981 मध्ये बंद पडली आणि 1982 मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. तिथे जाणाऱ्यांनी इंजिन वाफेवर चालवतात तो दिवस आधी विचारून घ्यावा. एरवी ते थंडच असते.

— एक वाचक, इचलकरंजी