ड्रॅगन आल्यावर गावकऱ्यांना घरात पळू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोकळ्या जगातल्या फँटसी गेमवर आपल्याकडे लिहिले जाते ते नकाशाचा आकार आणि ग्राफिक्स यांबद्दल. गावातल्या साध्या पात्रांच्या जगण्यामरण्याची व्यवस्था गेमने कशी लावली आहे, हे कोणी तपासत नाही. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये ही व्यवस्था फार कच्ची आहे.

‘ड्रॅगन रायझिंग’ ही मोहीम संपली की ड्रॅगन केव्हाही येतात. व्हाइटरनसारखी तटबंदीची शहरे स्वतंत्रपणे लोड होतात, म्हणून मार खातात ती रिव्हरवुड, आयव्हरस्टेड अशी उघडी गावे. २०१२ च्या ‘डॉनगार्ड’ या विस्तार-भागानंतर रात्री व्हँपायर येऊ लागले, आणि ते तटाच्या आतही शिरतात. लोहार, दुकानदार मेले की त्यांच्याकडची कामेही बुडतात. काही दुकानांना वारस आहे (रिव्हरवुडचा दुकानदार ल्युकन गेला तर त्याची बहीण कमिला दुकान चालवते), पण सगळ्यांना नाही.

माणसे मरतात, कारण ती लढायला धावतात. क्रिएशन किटमध्ये (गेममध्ये बदल करण्याचे अधिकृत साधन) प्रत्येक पात्राचा ‘कॉन्फिडन्स’, म्हणजे धीटपणा, ठरवलेला असतो: ‘कॉवर्डली’पासून (भित्रा) ‘फूलहार्डी’पर्यंत (अविचारी धाडसी) ५ पायऱ्या. वरच्या पायरीवरचा गावकरी लोखंडी खंजीर उपसून ड्रॅगनच्या तोंडाशी जातो. खालच्या पायरीवरचा पळतो खरा, पण दार उघडून आत न जाता उघड्यावरच सैरावैरा धावतो.

सगळ्यांना ‘इसेन्शियल’, म्हणजे अमर, करणे हा उपाय मला पटत नाही. असे पात्र गुडघे टेकते आणि थोड्या वेळाने उठते. मग हल्ल्याची भीतीच उरत नाही. याच मालिकेतल्या २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्ये कोणीही मरू शकत होते, अमर पात्रे २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’पासून आली. ‘प्रोटेक्टेड’ पात्र फक्त खेळाडूच्या हातून मरते. ज्यांना वारस नाही अशा दुकानदारांपुरती ही खूण पुरे. बाकीच्यांना घरात पळायला शिकवावे. ‘रन फॉर युअर लाइव्ह्ज’ आणि ‘व्हेन व्हँपायर्स अटॅक’ हे मॉड (चाहत्यांनी बनवलेले गेममधले बदल) नेमके तेच करतात. हे मूळ गेममध्येच असायला हवे होते.

पीसीवर कन्सोल (गेममध्ये आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून पात्राला अमर करणारी ‘सेटइसेन्शियल’ ही आज्ञा देता येते. तिला पात्राचा बेस आयडी (मूळ नोंदीचा क्रमांक) लागतो. पात्रावर क्लिक केल्यावर दिसतो तो रेफरन्स आयडी (जगात ठेवलेल्या त्या प्रतीचा क्रमांक). अनेक जण तोच टाकतात आणि आज्ञा चालत नाही म्हणून सोडून देतात.

मॉड वापरायचे नसतील तर ‘ड्रॅगन रायझिंग’ लांबणीवर टाकावी. मात्र तोवर ड्रॅगनचे आत्मे मिळत नाहीत, त्यामुळे शाउट (ड्रॅगनच्या भाषेतल्या जादुई आरोळ्या) शिकले तरी ते खुले होत नाहीत. रात्री फास्ट ट्रॅव्हलने (नकाशावरून झटपट प्रवास) थेट शहरात उतरू नये. बाहेर थांबून ‘वेट’ने (गेममधला वेळ पुढे नेण्याची सोय) सकाळचे ८ वाजवावेत. आणि गावात शिरण्यापूर्वी हाताने वेगळा सेव्ह करावा. ऑटोसेव्ह ३च असतात, ते एकावर एक लिहिले जातात. ओळखीच्या माणसाचा मृत्यू अनेकदा टपालवाल्याने आणलेल्या वारसापत्रावरूनच कळतो, आणि तोपर्यंत तो जिवंत असलेला ऑटोसेव्ह पुसला गेलेला असतो.

आपला,
एक वाचक, पुणे