प्रवेशाआधी मानसिक चाचणी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांविषयी आपल्या वाचकपत्रांत गेल्या आठवड्यात एका वाचकाने असे सुचवले आहे की, एमबीबीएसला प्रवेश देण्यापूर्वीच प्रत्येक उमेदवाराची मानसिक चाचणी घ्यावी आणि ज्यांना हा ताण पेलवणार नाही, त्यांना वेळीच बाजूला करावे. सूचनेमागची कळकळ खरी आहे. पण रत्नागिरी जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे जीवशास्त्र शिकवल्यानंतर मला ती रोगापेक्षा भयंकर वाटते. अशी चाचणी सुरू झालीच, तर तिची 'योग्य' उत्तरे पाठ करून घेणारे क्लास पुढच्याच जूनमध्ये उघडतील, आणि बारावीत नैराश्यावर औषधे घेतलेला मुलगा ती गोष्ट जन्मभर लपवत राहील. माझ्या परिचयाचे दोन उत्तम डॉक्टर ऐन विशीत असे उपचार घेऊन उभे राहिलेले आहेत. या चाळणीतून ते दोघेही खाली पडले असते.

मुळात मुलांची झीज महाविद्यालयाच्या दारात सुरू होत नाही, ती त्याआधीच बरीचशी होऊन गेलेली असते. १८० मिनिटांत १८० प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, एकूण ७२० गुण, असे वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचे आजचे स्वरूप आहे. देशभरातून वीस लाखांहून अधिक मुले या परीक्षेला बसतात, आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपासच आहेत. बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो, त्याच्या बातम्या आपण हौसेने वाचतो. मात्र त्या टक्क्यांना गुणवत्ता यादीत काडीचीही किंमत नसल्यामुळे आंब्याच्या हंगामावर भिस्त ठेवून कर्ज काढले जाते आणि मुलगा किंवा मुलगी 'नीट'च्या क्लाससाठी लातूरला, पुण्याला, क्वचित राजस्थानातल्या कोट्याला रवाना होते. पहिल्या वर्षी जमले नाही तर 'रिपीट', आणि मग आणखी एकदा. तमिळनाडू सरकारने नेमलेल्या न्या. ए. के. राजन समितीच्या अहवालानुसार त्या राज्यात एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्यांत पुन्हा परीक्षा दिलेल्या मुलांचे प्रमाण २०१६-१७ मध्ये सुमारे १२ टक्के होते, ते २०२०-२१ मध्ये ७१ टक्क्यांवर गेले.

माझी एक विद्यार्थिनी अशीच तिसऱ्या खेपेस एमबीबीएसला लागली. पहिल्या वर्षाला असताना गणपतीला घरी आली होती. पडवीच्या पायरीवर दूर्वांच्या जुड्या बांधता बांधता ती सहज म्हणाली, "सर, तीन वर्षं मी चारातला एक पर्याय निवडत होते. आता व्हायवाला मॅडम हातात हाड देतात आणि 'सांग' म्हणतात, तेव्हा समोर पर्यायच नसतात. तोंडच उघडत नाही." मार्चपासून तिला झोप लागत नव्हती. तिच्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि एकदा ती तिथवर गेलीही होती. पण केसपेपरच्या खिडकीशी तिच्याच वसतिगृहातल्या दोन सीनिअर मुली उभ्या होत्या, आणि आत बसलेले डॉक्टर पुढे तिला शिकवणार, तिची तोंडी परीक्षा घेणार. ती केसपेपर न काढताच परत फिरली.

ती एकटी नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात, पाहणीत भाग घेतलेल्या पंचवीस हजारांहून अधिक पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के जणांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले आहे. एवढ्यांना आधीच गाळायचे म्हटले तर दर चार जागांमागे एक जागा रिकामी ठेवावी लागेल.

मग निवड कशी करावी? कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने छोट्या छोट्या अनेक मुलाखतींची पद्धत आणली आणि ती पुढे बऱ्याच देशांत गेली. कागदावर ती मला आवडते. आपल्याकडे मात्र मुलाखत म्हटली की वशिला आलाच, आणि वशिला नसला तरी दापोलीच्या आतल्या गावातून आलेली, इंग्रजीत अडखळणारी मुलगी पहिल्याच टेबलाशी मागे पडणार. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत 'नीट' येण्यापूर्वी स्वतंत्र प्रवेश परीक्षा होती आणि तीत गांधीविचारांची एक प्रश्नपत्रिका असे. तिचीही घोकंपट्टी होत असणार. तरीही भौतिकशास्त्राच्या पलीकडचे काहीतरी विचारले जात होते, हे कमी नव्हते.

मला स्वतःला नेदरलँड्सची जुनी रीत अधिक प्रामाणिक वाटते. तिथे १९७० च्या दशकापासून वैद्यकीय प्रवेशासाठी भारित सोडत होती. गुण जास्त असतील तर संधी जास्त, पण शेवटचा निर्णय चिठ्ठीचा. ती २०१७ मध्ये बंद झाली आणि पुढे काही वर्षांतच तिला पुन्हा मुभा द्यावी लागली. सोडत म्हटल्यावर आपण बिचकतो, पण आरटीईचे शाळाप्रवेश आणि म्हाडाची घरे आपण सोडतीनेच देतो. एका ठरावीक गुणरेषेच्या वर गेलेली सगळी मुले डॉक्टर होण्यास पात्र आहेत, असे मान्य करून पुढे सोडत काढली, तर ५९० आणि ५९५ यांच्यातल्या पाच गुणांसाठी आयुष्याचे आणखी एक वर्ष जाळण्याचे कारण उरणार नाही. ज्याला जागा मिळाली नाही, त्याला 'आपण कमी पडलो' असे न वाटता 'आपली चिठ्ठी निघाली नाही' असे तरी म्हणता येईल.

हा बदल दिल्लीत व्हायचा, तेव्हा त्याची वाट पाहावी लागेल. परंतु अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये अजून नवी आहेत; तिथल्या रूढी घट्ट होण्याआधी एक गोष्ट सहज करता येईल. विद्यार्थ्यांसाठीचा समुपदेशक अध्यापकवर्गाबाहेरचा असावा, तो रुग्णालयाच्या इमारतीबाहेर बसावा, आणि त्याच्याकडे जाण्यासाठी केसपेपर काढावा लागू नये. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना पात्र समुपदेशक नेमण्यास सांगितलेच आहे. 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर लावावा. मात्र तो रॅगिंगविरोधी फलकाच्या खाली, कोणी वाचणार नाही अशा बारीक अक्षरांत नसावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. दापोली, जि. रत्नागिरी